उतारावरची फरशी

३ मार्च

आत्या,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण पाठ धरली आहे. उभ्यानेच मानून घे.

नोकरीला तीन आठवडे झाले. ही कुठली नोकरी ते घरात फक्त तुला ठाऊक आहे. बाबांची समजूत आहे की मी जनावरांच्या दवाखान्यात वासरांना बाटलीनं दूध पाजते. तसंच राहू दे. जनावरांची डॉक्टर झालेली लेक कत्तलखान्यात जाते हे कळलं, तर ते माझ्याशी बोलायचे बंद होतील आणि तुझ्याशी मात्र दिवसभर बोलतील. ते राहतात तुझ्याकडे, तेव्हा विचार कर. माझं अक्षर ओळखतील म्हणून पाकिटावरचा पत्ता इथल्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. बघ, किती हुशार आहे तुझी भाची.

काम असं. सकाळी आलेली जनावरं जिवंत असताना तपासायची, नंतर मांस तपासायचं आणि बरं असेल तर शिक्का मारायचा. म्हणून मला सगळे शिक्काबाई म्हणतात. तोंडावर डॉक्टरीणबाई.

आवारातून जनावर एका अरुंद गल्लीत शिरतं. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये एक वळण, वळणापुढे उतार आणि उताराच्या तळाशी लोखंडी पेटी. पेटीपाशी उस्ताद उभे असतात. बावीस वर्षं तेच काम. कपाळावर एक बंदूक टेकवतात, तिच्यात गोळी नसते, एक दांडा सुटतो आणि जनावर पापणी लवायच्या आत बेशुद्ध होतं. पुढचं त्याला काही कळत नाही. पण त्यासाठी ते शांत उभं हवं. डोकं हललं की दांडा चुकतो, आणि मग जे होतं ते मी लिहिणार नाही.

आणि ते शांत उभं राहतच नाही, कारण उतारावरची फरशी आरशासारखी गुळगुळीत आहे. वळणावर जनावर अडतं, कोणीतरी त्याला करंटची काठी लावतं, ते दचकून उतारावर येतं आणि चारी पाय फाकून घसरत थेट पेटीत. माणसंही घसरतात. गेल्या महिन्याभरात तिघं. त्यातला एक, ज्याला नीटनेटका राहतो म्हणून सगळे जावईबापू म्हणतात, तो हातात सुरी असताना पडला. मांडीला अकरा टाके.

व्यवस्थापकांचं नाव घड्याळसाहेब. दर दोन मिनिटांनी मनगट बघतात. मी फरशीबद्दल बोलले तर म्हणाले, "जनावर आहे, घसरणारच. तुम्ही शिक्के मारा."

आतडी धुण्याच्या खोलीत एकतीस बायका दिवसभर पाण्यात उभ्या असतात. बाथरूमला जायला जेवणाच्या सुट्टीशिवाय परवानगी नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तू शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलीस. तुमच्याकडे असं होतं का?

तुझी
ठमी


११ मार्च

ठमे,

पत्र पोचलं. दादा बाजारात गेलाय, म्हणून निवांत लिहिते.

आमच्याकडेही असंच होतं. आमचा साहेब म्हणायचा, बाथरूमला जायचं तर रीतसर परवानगी घ्या. आम्ही म्हटलं, बरं. एका सकाळी चाळीसजणींनी चाळीस लेखी अर्ज दिले. 'महोदय, आज अकरा वाजता मला बाथरूमला जाण्याची गरज भासेल असा अंदाज आहे, तरी कृपया परवानगी मिळावी.' प्रत्येकीनं कारण सविस्तर लिहिलं होतं. फार सविस्तर. साहेब सहाव्या अर्जाला लाल झाला आणि अकराव्याला शरण आला. तुझ्या बायकांना सांगून बघ. जिला लिहिता येत नसेल तिचं तू लिही, डॉक्टरच्या भाषेत आणखी रंगत येईल.

आता एक सहज विचारते. ती फरशी कसली आहे? घोटलेलं सिमेंट की लाद्या? उतार हातभर लांबीला किती बोटं? पाणी कुठल्या बाजूला वाहतं? खाली पोकळ वाजतं का? सहजच हं. म्हातारपणी माणसाला कशातही रस वाटायला लागतो.

तब्येत सांभाळ. पाठीला शेक दे.

आत्या


२४ मार्च

आत्या,

आधी आनंदाची बातमी. एकतीस अर्ज गेले. नऊ मी लिहून दिले आणि त्यात आतड्यापासून मूत्राशयापर्यंत काही वगळलं नाही. घड्याळसाहेबांनी पहिला अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला, दुसऱ्या ओळीला थांबले आणि बाकीचा मनातल्या मनात वाचला. प्रत्येक अर्जावर सही केल्याशिवाय बायका हलेनात, कारण नियम त्यांचाच. तोवर न धुतलेल्या आतड्यांचा ढीग लागला, मागची कामाची साखळी थांबली, आणि साहेबांनी मनगट बघायचं सोडून कपाळाला हात लावला. आता ज्या बाईला जायचंय ती जाते. त्या खोलीतल्या सगळ्यांत थोरल्या बाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, मला म्हणाल्या, "बाई, सात वर्षांनी आज कामावर घोटभर पाणी प्याले." आत्या, मला हसावं की काय करावं ते कळेना.

आता वाईट बातमी. उस्तादांना नोटीस मिळाली आहे. गुन्हा काय, तर सावकाश काम करतात. जनावर घसरून पेटीत आलं की ते त्याला उभं राहू देतात, श्वास बसू देतात, मगच बंदूक टेकवतात. तेवढे क्षण साहेबांच्या घड्याळाला सोसत नाहीत. कागदावर तासाला चाळीस जनावरं लिहिली आहेत, प्रत्यक्षात साठ जातात. महिन्याभरात मुख्य कार्यालयातून तिघं पाहणीला येणार, तेव्हा उस्तादांचा निकाल. त्यांच्या जागी कोण येणार माहीत आहे? साहेबांचा एक लांबचा मेहुणा. तो आजवर एका जागी फार वेळ उभा राहिलेला कोणी पाहिलेला नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: घोटलेलं सिमेंट. उतार हातभर लांबीला तीन बोटं. पाणी डावीकडच्या गटारात जातं. पोकळ कुठंच वाजत नाही. मी सकाळी काठीनं ठोकून बघत होते तेव्हा दोघांनी विचारलं, बाई, काही हरवलंय का?

पण तुला हे सगळं कशाला हवंय?

ठमी


२ एप्रिल

ठमे,

अंगणात बसले होते तेव्हा आपोआप सुचलं, ते लिहिते.

फरशी फोडायची गरज नाही. पोकळ नाही म्हणजे खालचं काम भक्कम आहे. वरून मशीननं खाचा मारायच्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंद, तेवढ्याच खोल, वीतवीत अंतरावर. सरळ उताराच्या दिशेनं मारायच्या नाहीत, खूर त्या खाचेतूनच घसरेल. तिरक्या मारायच्या, एकमेकींना छेद देत, म्हणजे पतंगासारखे चौकोन पडतील. खाचांचं तोंड डाव्या गटाराकडे, म्हणजे पाणी साचणार नाही. कडा दगडानं किंचित घासून घ्यायच्या, नाहीतर खुरांना लागतील. आकृती सोबत जोडली आहे.

काम करताना पाणी मारत राहायचं, नाहीतर धूळ छातीत जाते.

दादा बरा आहे. गुडघा दुखतो. काही बोलत नाही फारसा.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

तुझी आकृती पाहिली. पट्टीनं मारलेल्या रेघा, कोपऱ्यात मापं, आणि खाली उताराची बाजू दाखवणारा बाण. अंगणात बसून तुला बरंच सुचतं. मला आठवतं त्याप्रमाणे तू एकदा भिंतीचं भोक बुजवायला कणीक लावली होतीस.

असो. परवा सुट्टी होती, सगळं बंद होतं. उस्ताद म्हणाले, "बाई, फरशीचं पुढं बघू. आधी जनावर वळणावर का अडतं ते बघायचं असेल, तर त्याच्या डोळ्यांनी बघा. ओणव्या व्हा." मी झाले. मागून तेही झाले, साठीचा माणूस. आम्ही दोघं रांगत गल्लीतून निघालो. रखवालदारानं फाटकातून पाहिलं आणि काही न विचारता तोंड फिरवलं.

आत्या, खालून ती जागा वेगळीच दिसते. वळणावर एक साखळी लोंबकळते, वाऱ्यानं हलते. उभ्या माणसाला ती दिसतही नाही, पण रेड्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येते. पुढून पंख्याचा झोत थेट तोंडावर. आणि भिंतीवरच्या खिळ्याला घड्याळसाहेबांचा पिवळा जर्द रेनकोट, हात पसरून उभ्या माणसासारखा. मी स्वतः दचकले. मी तर कपडे ओळखणारा प्राणी आहे.

साखळी बांधली. पंख्याचं तोंड फिरवलं. रेनकोट मी कुठं ठेवला ते लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरं वळणावरून अशी गेली जणू रोजचीच वाट. करंटची काठी दुपारपर्यंत कोपऱ्यात उभी होती. साहेब कालपासून रेनकोट शोधतायत. आता उरला तो उतार. तिथं अजून प्रत्येकाचा पाय सुटतो, आणि उस्तादांचा हात प्रत्येक वेळी थांबतो.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. मी इथं नीट जेवते आणि उस्तादांच्या घरून मला रोज डबा येतो, हे सांगू नकोस. इथं आल्यापासून एकदाही कुठल्या जनावराकडे न बघता मी शिक्का मारलेला नाही, हेही नको. आणि मला त्यांची आठवण येते, हे तर मुळीच सांगू नकोस.

ठमी


१६ एप्रिल

ठमे,

काही सांगितलं नाही. त्यामुळे दादानं ते ऐकलंही नाही, आणि नंतर बराच वेळ विनाकारण चष्मा पुसत बसला.

आत्या


२७ एप्रिल

आत्या,

पाहणी झाली. बस आणि सावकाश वाच.

तिघं आले. पुढं थोरले साहेब, बूट इतके चकचकीत की त्यात मला माझा चेहरा दिसला. पाहुण्यांना वरच्या सज्जातून फिरवायची पद्धत आहे, तिथून सगळं स्वच्छ आणि लांब दिसतं. पण आक्कांना आणि त्यांच्या बायकांना नेमका त्याच वेळी सज्जा धुवायचा होता. बादल्याच्या बादल्या ओतत होत्या. घड्याळसाहेब ओरडले, तर आक्का म्हणाल्या, "मोठी माणसं येणार म्हणून तर धुतोय, साहेब."

मी म्हटलं, गल्लीतून जाऊ. जनावरं जातात तीच वाट, नियमाप्रमाणे तपासणीत तीही येते. पाहुण्यांना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या घालायला दिल्या, तोही नियमच. वळणापर्यंत सगळे व्यवस्थित. उतार लागला आणि थोरल्या साहेबांचा पाय सुटला. पडले असं म्हणणार नाही. अगदी सावकाश खाली बसले आणि बसल्या बसल्या, चेहऱ्यावरचा रुबाब तसाच ठेवून, पेटीच्या दारापर्यंत गेले.

तिथं उस्ताद उभे होते. त्यांनी बंदूक बाजूला ठेवली, हात दिला आणि रोज ज्या आवाजात जनावराशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "घाई नाही. उभे राहा. श्वास बसू द्या."

कोणी हसलं नाही. कसं आवरलं ते आमचं आम्हाला माहीत.

थोरल्या साहेबांनी कोट झटकला आणि विचारलं, "इथं रोज किती पडतात?"

उस्ताद म्हणाले, "जनावरं सगळी. माणसं महिन्याला तीन."

"आणि तुम्ही हळू काम करता अशी तक्रार आहे."

"आत्ता तुम्हाला जेवढा वेळ दिला तेवढाच त्यांना देतो, साहेब."

थोरले साहेब बराच वेळ त्या पेटीकडे बघत उभे होते. माणूस वाईट नसावा. इतकी वर्षं सज्जातूनच बघत आला होता, एवढंच.

उस्तादांची नोटीस त्याच संध्याकाळी मागे घेतली. फरशीसाठी दहा आणि अकरा मे, दोन दिवस सगळं बंद ठेवायचं ठरलं. तासाला साठ मात्र एकदम चाळीसवर आले नाहीत. पन्नासवर आलेत. त्यासाठी मी अजून भांडते आहे, आणि हरेन असंही वाटतं.

एक अडचण आहे. घड्याळसाहेबांनी ठेकेदार बोलावला, तो नमुना म्हणून पांढऱ्या गुळगुळीत लाद्या घेऊन आला. म्हणे, धुवायला सोप्या. मी तुझी आकृती दाखवली तर म्हणाला, असलं हल्ली कोणी करत नाही.

तर आत्या, तुझ्या ओळखीत एखादा गवंडी असेल तर बघ. म्हातारा चालेल. गुडघा दुखरा असला तरी चालेल, खुर्चीत बसून नुसतं सांगायचं आहे. थोडा हट्टी असला तर उत्तमच.

ठमी


३ मे

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझ्या आत्यानं पत्र लिहायला बसवलं आहे आणि ती दारात उभी आहे, म्हणून लिहितो.

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू कारकुनाकडून पत्ता लिहून घेतलास. त्या भल्या माणसानं सवयीप्रमाणे पाकिटाच्या मागे कत्तलखान्याचा रबरी शिक्का मारला. पोस्टमननं पाकीट माझ्याच हातात दिलं. त्यानंतरची सगळी पत्रं मीच फोडली. आत्या 'दादा बाजारात गेलाय' वगैरे लिहायची, तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेलो असायचो.

पहिलं पत्र वाचून मी फाडलं. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तुला शिकवलं ते जनावरं वाचवायला, असं मला वाटत होतं. तिनं तुकडे जोडून ते पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. मी रागानंच वाचायला घेतलं आणि फरशीपाशी अडलो. पन्नास वर्षं फरश्या केल्या, पण पाय घसरेल अशी एकही केली नाही. कुणा निष्काळजी माणसानं उतारावर सिमेंट घोटून ठेवलंय हे डोक्यातून जाईना. मग वाटलं, जे मरायलाच निघालंय त्याला वाटेत भीती तरी का.

तुझी ती जागा मला पटलेली नाही. पटेल असंही वाटत नाही. मांस मी खात नाही, खाणार नाही. पण तू तिथं नसतीस तर तिथं कोणी ओणवं होऊन बघितलं नसतं, हेही खरं आहे.

नऊ तारखेला येतो. फक्त उतार करीन. सुऱ्या चालतात त्या बाजूला मला नेऊ नकोस. काम झालं की त्याच संध्याकाळी परत.

खुर्ची नको. बादली पालथी घालून बसेन.

बाबा


१६ मे

आत्या,

तू लबाड आहेस. मीही आहे, त्यामुळे हिशेब मिटला.

बाबा आले. स्टेशनवर आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे राहिलो आणि त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "ठेकेदार कुठाय?" ठेकेदार भेटला. बाबांनी त्याच्या लादीवर पेलाभर पाणी ओतलं आणि त्याला म्हणाले, "चाल." तो चालला नाही. लाद्या घेऊन गेला तो पुन्हा आला नाही.

दोन दिवस बाबा पालथ्या बादलीवर बसून होते. मशीन जावईबापूंनी चालवली, टाके निघालेत आता. प्रत्येक खाचेवर बाबांचं बोट फिरायचं. सात खाचा परत मारायला लावल्या. उस्ताद आणि बाबा पहिल्या दिवशी एकमेकांना अहोजाहो करत होते, दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांत उताराच्या शेवटच्या हातभर जागेवरून असं भांडण झालं की मी मध्ये पडले. संध्याकाळी बघते तर दोघं एकाच डब्यात जेवत होते.

बारा तारखेला काम सुरू व्हायचं होतं. बाबांची पिशवी भरलेली होती. मी म्हटलं, चला, सोडते. तर म्हणाले, एक पाऊल पडलेलं बघतो आणि जातो. गल्लीच्या भिंतीआड उभे राहिले. मला वाटलं आता काय होतंय.

पहिला रेडा आला. मोठा, काळा, एक शिंग वाकडं. वळण सहज पार केलं. उतारावर पहिला खूर टेकवला आणि थांबला. मान खाली घालून फरशी हुंगली. मग दुसरा खूर, तिसरा, चौथा. चालत खाली गेला, आत्या. चालत. पेटीत स्वतःहून उभा राहिला आणि उस्तादांचा हात एकदाही थांबला नाही.

बारा जनावरं जाईपर्यंत बाबा तिथंच उभे होते, प्रत्येकाच्या फक्त पायांकडे बघत. मग बाहेर आवारात गेले. मी मागं गेले. ते भिंतीला टेकून उभे होते, डोळे ओले होते. जवळ घेतलं नाही त्यांनी मला, तू ओळखतेसच, पण माझ्या अॅप्रनची सुटलेली नाडी बांधून दिली. मग म्हणाले, "हे रोज बघतेस तू?"

मी म्हटलं, हो.

"आणि जेवतेस?"

"जेवते."

त्या संध्याकाळी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारलं, "त्या आतड्यांच्या खोलीतल्या बायका पाण्यात का उभ्या असतात?" मी म्हटलं, जमीन सखल आहे. तर कप तसाच ठेवून निघाले. सुऱ्यांच्या बाजूला नेऊ नकोस असं ज्यांनी बजावलं होतं ते बाबा आज चार दिवस त्याच बाजूच्या त्या खोलीत आहेत. प्रत्येकीच्या पायाखाली वीतभर उंच ओटा करतायत. आक्का त्यांना चहा देतात आणि कामही सांगतात. घड्याळसाहेब एकदा दारात येऊन मनगट बघायला लागले, तर बाबांनी त्यांना किती वाजले ते विचारलं आणि बादली भरून आणायला सांगितलं. साहेबांनी आणली.

तर आता पत्राचं कारण. बाबांचे दोन जाड सदरे, गुडघ्याचं तेल आणि ट्रंकेतला ओळंबा पाठवून दे. परत कधी जाणार ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

मी त्यांना म्हटलं, शेजारचे आत्याला विचारत असतील तुम्ही कुठं गेलात म्हणून, ती काय सांगेल बिचारी. बाबा थापी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "खरं ते सांग म्हणावं. पोरगी कत्तलखान्यात डॉक्टर आहे आणि बाप तिच्या हाताखाली काम करतो."

तुझी
ठमी